वाचक विचारतात : माफी कुणी मागायची, दाखला कुणी आणायचा?

प्रश्न : वकीलसाहेब, आणीबाणीत आमच्या ह्यांना मिसाखाली, म्हणजे खटला न चालवता कोंडायच्या त्या कायद्याखाली, धरून नेलं होतं. शाळामास्तर होते. ते २००३ साली वारले. माझी जाऊ कोल्हापूरला असते, तिच्या यजमानांनाही तेव्हाच धरलेलं. तिला महाराष्ट्र सरकारचं मानधन मिळतं. मी इकडं चौकशी केली तर एका कचेरीत म्हणाले, तुरुंगाचा दाखला आणा. दाखल्याला गेले तर म्हणाले, इतकं जुनं कुठं असतंय? नातू सांगतो, अमेरिकेनं जपानी लोकांना कोंडलं आणि नंतर माफी मागून पैसे दिले. तसं आपल्याला मागता येतंय काय?
– एक आजी, खानापूर तालुका (बेळगाव, कर्नाटक)

उत्तर : आजी, नातू खरं सांगतोय. दुसऱ्या महायुद्धात, फेब्रुवारी १९४२ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार माणसांना छावण्यांत डांबलं. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक. ना आरोप, ना खटला. १९४८ साली भरपाईचा एक कायदा झाला, पण तो तुम्हाला भेटलेल्या कारकुनासारखाच : काय गमावलं त्याचा पुरावा आणा. हातात मावेल तेवढंच घेऊन निघालेल्यानं पावत्या कुठनं आणायच्या?

१० ऑगस्ट १९८८ रोजी अध्यक्ष रेगन यांनी सही केली तो कायदा वेगळा. देशाच्या वतीनं मागितलेली माफी कायद्याच्या मजकुरातच आहे, आणि त्या दिवशी हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर. त्यातलं एक कलम मी आमच्या ज्युनिअर पोरांना मुद्दाम वाचायला लावतो. पात्र माणसं हुडकायचं काम सरकारच्या न्याय खात्याकडं, तेही अर्ज न मागता, सरकारच्याच दप्तरातून. कोंडणाऱ्याकडं यादी असतेच की! १९९० पासून पैसे वाटले, सगळ्यांत वृद्धांना आधी. खोट मात्र होती. कायदा होण्याआधी जे गेले त्यांच्या बायकापोरांना छदाम मिळाला नाही, आणि पैसे घेतले की सरकारवरचा दावा संपला.

जाऊबाईंचं मानधन २०१८ ला ठरलं, २०२० ला बंद झालं, २०२२ ला पुन्हा चालू. खुर्चीवर कोण, त्यावर. मिळतंय ते घेऊ देत, पण त्याला माफी म्हणता येणार नाही. जून २०२४ मध्ये लोकसभेत आणीबाणीचा निषेध झाला, तीही माफी नव्हे. विरोधकाच्या पापाचा निषेध करायला काय लागतंय? आपल्याकडं जवळात जवळचं उदाहरण म्हणजे डॉ. मनमोहन सिंग. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराबद्दल त्यांनी ११ ऑगस्ट २००५ ला राज्यसभेत क्षमा मागितली, आणि १९८४ ला सत्तेत असलेला पक्ष तर त्यांचाच होता.

कोर्टात जावं का? निर्दोष ठरूनही चौदा वर्षं तुरुंगात सडलेल्या बिहारच्या रुदुल शाह यांना सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्ये भरपाई दिली. पण ती कोंडणूक उघड बेकायदा होती. मिसाची अटक कायद्याच्या चौकटीत बसवलेली, आणि २८ एप्रिल १९७६ ला त्याच न्यायालयानं अशा कैद्यांना दाद मागायची दारंच बंद केली. तो निकाल २०१७ मध्ये पुसला गेला खरा, तरी इतक्या वर्षांनी वारसाच्या दाव्याला मला फारसा जीव दिसत नाही. उगाच फी घालवू नका.

कागद मात्र मिळवा. माहिती अधिकाराचे दोन अर्ज करा, एक तुरुंगाकडं आणि एक जिल्हाधिकाऱ्यांकडं, कारण मिसाचे हुकूम बहुतेक जिल्हा दंडाधिकारीच काढत. अर्ज कानडी, हिंदी किंवा इंग्रजीत. कायद्यात 'त्या भागाची राजभाषा' म्हटलंय; मराठीत दिलात तर परत करायला आपल्याकडं तेवढं निमित्त पुरतंय. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. दप्तर नष्ट केलं म्हणाले तर कधी आणि कुणाच्या हुकमानं, ते लेखी मागा. आणि मास्तर सरकारी शाळेत असतील तर त्यांचं सेवापुस्तक शिक्षण खात्याकडं मागा. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त अटकेत राहिला की निलंबित धरला जातो, तेव्हा तुरुंगानं फाडलेला कागद तिथं नोंदीच्या रूपानं सापडू शकतो. कुठल्याही टेबलावरून पोच घेतल्याशिवाय उठू नका.