पिशवीचं भोक शब्दांत सांगू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी गोष्ट आणि सोबतची चित्रं मिळाली. आधी मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली. गोष्टीत जीव आहे हे सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे मी बरंच काही खोडायला सांगणार आहे.

आजी आणि पाच वर्षांची मनी आठवडी बाजाराला जातात. आजीच्या कापडी पिशवीला भोक आहे. घेतलेली एकेक वस्तू वाटेत पडत जाते आणि एक शेळी मागून येत राहते. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला यातलं सगळं ओळखीचं आहे आणि तरी पुढे काय होईल हे त्याला कळून घ्यायचंय. एवढं जमलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं मात्र कठीण आहे.

लिंबू पडतं ते पान घे. तू लिहिलंयस : ‘पिशवीला खाली एक छोटंसं भोक होतं. त्या भोकातून एक पिवळं पिवळं लिंबू टपकन खाली पडलं. पण आजीला आणि मनीला ते मुळीच कळलं नाही.’ आणि चित्रात काय आहे? भोक आहे, पडणारं पिवळं लिंबू आहे, पुढे बघत चाललेल्या दोघी आहेत. तिन्ही वाक्यं खोड. तिथे एवढंच ठेव : ‘आजीनं लिंबं घेतली.’

असं का, ते नीट सांगते. चित्रपुस्तक वाचलं जातं तेव्हा तिथे दोघं असतात. मोठ्या माणसाचे डोळे अक्षरांवर असतात आणि मुलाचे चित्रावर. मूल ऐकत असतं ते पाहता पाहता. ‘आजीनं लिंबं घेतली’ हे कानावर पडत असताना त्याला लिंबू खाली पडताना दिसतं आणि ते ओरडतं, ‘पडलं! अगं, लिंबू पडलं!’ वाचणाऱ्या आईला जे सांगता आलं नाही ते त्यानं स्वतः शोधलेलं असतं. आजीला माहीत नाही, मनीला माहीत नाही, आईनंही वाचलं नाही, पण मला माहीत आहे! हा आनंद त्याला दुसरीकडे क्वचितच मिळतो. दिवसभर मोठी माणसंच त्याला सगळं सांगत असतात. तुझी तीन वाक्यं त्याचा हा शोध काढून घेतात.

पॅट हचिन्स या इंग्लिश चित्रकर्तीचं ‘रोझीज वॉक’ १९६८ साली आलं. मिळालं तर जरूर बघ. कोंबडी फिरायला निघते, शेतावर इकडून तिकडे जाते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत येते, एवढं एकच वाक्य साऱ्या पुस्तकभर पसरलंय. इंग्रजीत ते ३२ शब्दांचं आहे. चित्रांत तिच्या मागावर कोल्हा आहे आणि शब्दांत तो एकदाही येत नाही. तुझं भोक म्हणजे तुझा कोल्हा आहे.

यावरून शब्द कमी म्हणजे पुस्तक चांगलं, असा हिशेब मात्र करू नकोस. चित्राला जमत नाही ते शब्दांनी करायचं असतं. आवाज, वास, काल काय झालं, मनात काय आलं, एखाद्याचं बोलणं, वजन. तुझ्याच गोष्टीत शेवटाकडे आजी म्हणते, ‘आज पिशवी हलकी कशी लागतेय गं?’ हे वाक्य सोन्यासारखं आहे. हलकेपणा कुठल्याही चित्रात काढता येत नाही, आणि ती का हलकी आहे हे ऐकणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. तू ते एका लांब परिच्छेदाच्या पोटात टाकलंयस. त्याला स्वतंत्र पान दे.

आता पानांकडे येऊ. तुझी गोष्ट तू १९ पानांत मांडलीस. १९ पानांचं पुस्तक होत नाही. छापखान्यात मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पानं आणि मागच्या बाजूला आठ पानं छापतात, कागद तीनदा घडी घालून कापला की १६ पानांचा एक फॉर्म तयार होतो. म्हणून चित्रपुस्तकं बहुधा १६, २४ (म्हणजे दीड फॉर्म) किंवा ३२ पानांची असतात. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या निदान चारच्या पटीत हवीच. तुझ्या गोष्टीला २४ पानं पुरतील. ए-फोरचे सहा कागद एकात एक ठेवून मधोमध दुमड, की २४ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, हातात येते. पहिलं पान नावाचं, दुसरं प्रकाशनाच्या माहितीचं. तिसरं पान सुटं, चार-पाचपासून बावीस-तेवीसपर्यंत समोरासमोरच्या पानांच्या दहा जोड्या, आणि शेवटी चोविसावं पुन्हा सुटं. एवढीच जागा तुला आहे.

या डमीत एक गंमत दिसेल. बारावं आणि तेरावं पान एकाच कागदाच्या एकाच बाजूला, सलग येतात. बाकी प्रत्येक जोडीत डावं पान एका कागदावर आणि उजवं दुसऱ्या कागदावर असतं. बांधताना ते केसभर खालीवर होतातच. त्यामुळे मधल्या घडीवर कुणाचं तोंड, हात किंवा शेळीचं डोकं येऊ देऊ नकोस. सगळा बाजार एका नजरेत दाखवणारं तुझं मोठं चित्र मात्र बारा-तेरावर टाक. तिथे ते न फाटता बसेल, आणि गोष्टीच्या मध्यावर भरलेला बाजार येणं गोष्टीच्या दृष्टीनंही बरोबर आहे.

आणि पान उलटणं. चित्रपुस्तकात पडदा पडायची आणि उघडायची सोय तेवढीच आहे. विचारलेला प्रश्न उजव्या पानाच्या शेवटी यायला हवा आणि उत्तर पान उलटल्यावर. तू आजीला पिशवीत हात घालायला लावतेस आणि त्याच पानावर रिकामी पिशवीही दाखवतेस. आजीचा हात पिशवीत जाऊ दे, आणि तिथे थांब. वाचणारा माणूस आपोआप थांबेल. मुलाचा हात पान उलटायला पुढे येईल.

आता चित्रांबद्दल. तुझी रेघ मोकळी आहे, रंगांची जाण आहे. पण हा बाजार तू बसून पाहिलेला नाहीस, असं मला वाटतं. फोटोंवरून काढलेल्या बाजारात सगळं समोरून आणि उभ्या माणसाच्या उंचीवरून दिसतं. एखाद्या बाजाराच्या दिवशी वही घेऊन जा आणि खाली बस, भाजीवालीच्या गोणपाटाशेजारी. तिथून काय दिसतं? पाय. साड्यांचे काठ. टोपल्यांचे बूड. ताडपत्रीच्या पालाचे दोर, तराजूचं खाली आलेलं पारडं, आणि डोळ्यांच्या रेषेत लोंबणाऱ्या पिशव्या. मनीचा बाजार हा आहे. पाच वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून एक-दोन चित्रं काढलीस तरी पुस्तक बदलेल.

हे लिहिताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या मते तुझ्या गोष्टीतली ही सगळ्यात मोलाची शक्यता आहे. पिशवी मनीच्या नजरेच्या उंचीला आहे. म्हणजे आजीला भोक दिसणार नाही हे पटतं, पण मनीला ते दिसणारच. मग ती बोलत का नाही? विचार कर. तिला ती शेळी मागे यायला हवी आहे का? तसं असेल तर एका चित्रात मनीची मान किंचित मागे वळलेली दाखव. शब्दांत काही नको. दुसऱ्यांदा पुस्तक वाचताना एखादं मूल ते पकडेल, तिसऱ्यांदा दुसरं पकडेल. मुलं एकच पुस्तक पुन्हा पुन्हा मागतात आणि वाचणारे कंटाळतात, कारण दर खेपेला मुलाला काहीतरी नवीन सापडतंय हे त्यांना दिसत नसतं. तू ते सापडण्याजोगं ठेवलं पाहिजेस. अर्थात गोष्ट तुझी आहे. मनीला खरंच माहीत नव्हतं असं तुला वाटत असेल तर पिशवी आजीच्या दुसऱ्या हातात दे. पण काय ते ठरव.

शेळीचंही बघून घे. लिंबाला ती बहुधा हुंगून सोडेल. कोथिंबीर आणि भुईमुगाच्या शेंगा मात्र सोडणार नाही. तू तिला लिंबू खाताना दाखवलंस, आणि शेळ्या असलेल्या घरातलं मूल तिथेच तुझ्यावरचा विश्वास गमावेल. तसंच आजीचं. पहिल्या चित्रात नऊवारी आहे आणि तिसऱ्यात सहावारी झालीये, अंबाडा एकदा उंच आहे आणि एकदा मानेवर. रंगवायला बसण्याआधी आजी, मनी आणि शेळी या तिघांना एकेका कागदावर समोरून, बाजूनं, पाठीमागून, बसलेलं, वाकलेलं काढून घे आणि तो कागद भिंतीला लाव. पाठमोरी आजी तुला नीट काढता आली पाहिजे, या गोष्टीत ती निम्मा वेळ पाठमोरीच आहे.

भाषेबद्दल थोडंच. ‘घेतले, पडले, आले’ असं पुस्तकी लिहिलेलं काही ठिकाणी राहून गेलंय. वाचणारी आजी ते वाचताना अडखळेल किंवा स्वतःच बदलून वाचेल. बोलतो तसं लिही. ‘चिमुकली’, ‘इवलीशी’, ‘गोंडस’ हे सगळे शब्द काढ, मनी स्वतःला गोंडस समजत नाही. यमकं जुळवायच्या मागे लागू नकोस, त्यापेक्षा पडण्याचे आवाज ऐक. लिंबू टप्पकन पडतं, बटाटा धप्पकन पडून घरंगळतो, शेंगा खळखळतात, कोथिंबिरीचा आवाजच येत नाही. मराठीत असले शब्द उदंड आहेत आणि मुलांना ते तोंडात घोळवायला आवडतात. शेवटचं वाक्य, ‘म्हणून घराबाहेर पडताना पिशवी तपासावी’, तू मोठ्यांना बरं वाटावं म्हणून लिहिलंस ना? ते काढून टाक. माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं समोर ठेव. त्या लिहितातही आणि चित्रंही काढतात. घर, नातेवाईक, शेजार, असलं रोजचंच असतं त्यांत, पण मुलाला उपदेश करण्यासाठी कुणी वाकून उभं राहिलंय असं कधी वाटत नाही.

अक्षरांना जागा ठेवून चित्र काढ. चित्र पुरं झाल्यावर अक्षरं कुठे टाकायची हे शोधत बसायचं, ही सवय लावून घेऊ नकोस. देवनागरीला रेषेच्या वर वेलांट्या-मात्रा लागतात आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त हवं. नुकतं वाचायला लागलेलं मूल बोट ठेवून वाचतं, ते बोटही मावलं पाहिजे. चित्रातल्या झाडांच्या पानांवर आणि गर्दीवर अक्षरं टाकलीस तर मात्रा गायब होतील. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेव. रंगीत छपाईत चार शायांच्या चार प्लेटा, म्हणजे छापायचे पत्रे, असतात. मजकूर काळ्यात असला की हेच पुस्तक कानडीत किंवा हिंदीत काढताना काळी प्लेट तेवढी बदलते. निळ्या आभाळात पांढरी अक्षरं कोरलीस तर आभाळाला रंग देणाऱ्या सगळ्याच प्लेटा पुन्हा कराव्या लागतील. याच कारणासाठी दुकानांच्या पाट्या चित्रात रंगवू नकोस. तुझ्या एका चित्रात ‘ताजी भाजी’ लिहिलेला फळा आहे, तो पुसून टाक. आपल्याकडे चित्रपुस्तक अनेक भाषांत जाण्याची शक्यता खरी आहे. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पुस्तकं तशीच गेलीत. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर तर एकाच चित्रावर वेगवेगळ्या भाषा कशा बसतात हे तुला फुकट बघता येईल. कुठली भाषा किती जागा खाते तेही कळेल.

संगणकाच्या पडद्यावर दिसणारा तो झगझगीत हिरवा आणि केशरी छापून येत नाही, मळतो. म्हणून छपाईचे रंग धरूनच रंगव. कडेला कापायला तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र सोड. एवढं सांभाळलंस की छापखान्याची फार कटकट राहत नाही.

प्रकाशकाकडे जाताना संपूर्ण डमी पेन्सिलीत आणि पूर्ण रंगवलेली दोन-तीन चित्रं ने. सगळं रंगवून नेऊ नकोस. संपादक आकार बदलेल, पानं बदलेल, आणि तो चांगला असेल तर बदललंच पाहिजे. शब्द आणि चित्रं दोन्ही तुझी आहेत हे करारात वेगवेगळं लिहून घे, दोन्हींचं मानधन वेगळं मोजलं जातंय का ते पाहा. मूळ चित्रं परत मिळतील का, दुसऱ्या भाषांतल्या आवृत्त्यांचं काय, हे विचारायला लाजू नकोस. पुस्तक काढण्यासाठी तुझ्याकडेच पैसे मागणाऱ्याच्या दारात उभी राहू नकोस.

पण त्याआधी मुलांकडे जा. जवळच्या अंगणवाडीत सेविकाताईंना विचारून तासभर मागून घे. चार-पाच मुलं पुरेत, जास्त असली तर मागच्यांना चित्र दिसत नाही. ‘आवडलं का?’ असं विचारू नकोस, मुलं चांगली असतात, हो म्हणतात. त्यांची बोटं कुठे जातात ते बघ. कुठे चुळबुळ सुरू होते ते पानाच्या कोपऱ्यात टिपून ठेव. वाचून झाल्यावर पुस्तक एका मुलाच्या हातात दे आणि त्याला तुला गोष्ट सांगू दे. ते जे सांगेल ते तुझ्या चित्रांत खरोखर असलेलं असेल. आणखी एक कर. गोष्ट माहीत नसलेल्या दुसऱ्या कुणालातरी ती वाचायला लाव आणि तू मागे बसून ऐक. तू वाचतेस तेव्हा जिथे थांबायचं तिथे तू थांबतेस, पण पुस्तक विकलं गेल्यावर तू तिथे नसणार.

रंगांना इतक्यात हात लावू नकोस. २४ पानांची डमी पेन्सिलीत कर, प्रत्येक पानावर दोन वाक्यांच्या वर काही नको, आणि अंगणवाडीतून आल्यावर टिपणांसकट मला पाठव. मनीला भोक दिसलंय की नाही, हे मात्र त्याआधीच दोन ओळींत कळव. माझी उत्सुकता तिथे अडकली आहे.

तुझी,
ताई