सुई धरणारा हात कसा तयार होतो?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या यकृतात पू झाला होता. मिरजेच्या एका रुग्णालयात पोट न उघडता, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत नळी घालून तो काढला गेला. हे काम सर्जनने नव्हे, तर रेडिओलॉजिस्टने केले. या डॉक्टरांना हे कसे शिकवतात आणि त्यांचा हात तयार झाला हे कसे ठरते?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : रेडिओडायग्नोसिसचा (एक्स-रे, सोनोग्राफीसारख्या प्रतिमांवरून रोगनिदान करण्याच्या शाखेचा) एमडी हा एमबीबीएसनंतरचा 3 वर्षांचा अभ्यासक्रम असून सोनोग्राफीत पाहत पू काढणे किंवा गाठीचा तुकडा तपासणीसाठी घेणे विद्यार्थी त्यातच शिकतो, त्यामुळे आपल्या वडिलांवरील उपचार त्या डॉक्टरांच्या कक्षेतलाच होता. रक्तवाहिनीतून कॅथेटर (बारीक लवचीक नळी) नेऊन रक्तस्राव थांबवण्यासारख्या अवघड कामांसाठी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीचा (प्रतिमा पाहत सुई-नळीने उपचार करण्याच्या शाखेचा) डीएम हा एमडीनंतरचा आणखी 3 वर्षांचा अभ्यासक्रम आहे.

सुईतून तार आणि तारेवरून नळी, ही रीत स्वीडनचे डॉ. सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये मांडली आणि आजही शिकणाऱ्याचा हात याच क्रमावर बसवला जातो. आधी शक्य तेथे कृत्रिम प्रतिकृतीवर सराव, मग वरिष्ठांना मदत आणि त्यानंतर वरिष्ठ शेजारी उभे असताना स्वतः काम, असा हा प्रवास असतो. केलेल्या कामांची नोंद लॉगबुकात होते.

मात्र नुसत्या आकड्यावर विसंबणे मला पटत नाही, कारण सुईचे टोक पडद्यावर दिसत नसतानाही ती पुढे सरकवण्याची खोड शंभर केसेसनंतर सुटत नाही, उलट अंगवळणी पडते. म्हणूनच परीक्षकाने प्रत्यक्ष काम पाहून ठरलेल्या मुद्द्यांवर गुण देणे आणि लगेच चुका सांगणे, ही पद्धत मला सर्वांत मोलाची वाटते. रक्त गोठण्याचे अहवाल आधी पाहिले का, फुप्फुसाचे आवरण व आतडे चुकवणारी वाट निवडली का, आणि (हे बहुतेकदा दुर्लक्षित राहते) सुई घालूच नये अशी स्थिती ओळखता आली का, हे त्यात तपासले जाते.

पुन्हा कधी अशी वेळ आली, तर संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांच्या अनुभवाबरोबरच आणखी एक गोष्ट अवश्य विचारावी : नळी घातल्यावर रात्री रक्तस्राव झालाच, तर तो थांबवणारी यंत्रणा त्याच रुग्णालयात आहे, की रुग्णाला कोल्हापूर-पुण्याला हलवावे लागेल?