लाईटबिलातला ‘आकार’ आणि विधेयकाचं ज्ञापन

प्रभादेवीच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. नवा कायदा आणताना त्यामुळे लोकांचा वीज-पाण्याचा खर्च किती वाढेल हे लेखी सांगायला हवं, अशा अर्थाचा एक इंग्रजी मजकूर त्या मराठीत आणताहेत. ‘युटिलिटी कॉस्ट इम्पॅक्ट स्टेटमेंट’ला त्यांनी ‘उपयोगिता खर्च प्रभाव विवरण’ असं केलंय. बरोबर आहे का?

ताई, नाही जमलं. ‘उपयोगिता’ म्हणजे उपयोगी असण्याचा गुण. प्रेशर कुकरची उपयोगिता असते, तिचं बिल येत नाही. मुंबईत आपण ‘लाईटबिल’ म्हणतो, पाण्याचे पैसे सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये भरतो, गॅसला गॅसच म्हणतो. या साऱ्यांना कवेत घेणारा एक शब्द आपल्याकडे नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. सरळ ‘वीज-पाण्याचा खर्च’ म्हणा.

‘खर्च’ऐवजी ‘भार’ घ्यावा असं तुम्ही पुढे सुचवलंय. एरवी चांगला शब्द, पण विजेच्या बाबतीत तो आधीच गुंतलेला आहे. बिलावर ‘मंजूर भार’ असतो, तो किलोवॅटमध्ये. भारनियमनही त्यातलंच. ‘ग्राहकावरील भार’ वाचून कुणी मीटरकडे बघेल. ‘भुर्दंड’ नको, त्यात निकाल आधीच दिलेला असतो. ‘झळ’ हा बोलण्यातला फार सुंदर शब्द, पण सरकारी कागदावर टिकणार नाही.

आता मला जिथे थांबावंसं वाटतं तो शब्द: ‘आकार’. भांडुप-मुलुंडकडे महावितरणचं बिल येतं, त्यावर ओळीने स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार. नव्या पिढीला यात ‘शेप’ दिसतो. हा आकार ‘आकारणे’ या क्रियापदाच्या घरातला, ठरवून लावलेली रक्कम. गावची जमीन असेल तर सातबारा काढून बघा, क्षेत्राजवळ ‘आकार’ सापडेल, रुपये-पैशांत. महापालिकेचा ‘जल आकार’ही तोच.

पण त्याच बिलावर या आकारांच्या खाली एक ओळ येते, ‘वीज शुल्क’, आणि तिथे शब्द बदलतो. हा बदल नुसता शैलीचा नाही. आकार ठरवतो वीज नियामक आयोग. कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये त्याचं कार्यालय आहे. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६४ प्रमाणे दराचा प्रस्ताव जाहीर करावा लागतो, लोकांच्या सूचना व हरकती विचारात घ्याव्या लागतात. शुल्क मात्र विधिमंडळाच्या कायद्याने येतं, सध्या २०१६ च्या महाराष्ट्र विद्युत शुल्क अधिनियमाने. घरगुती ग्राहकाला ते १६ टक्के. टक्केवारी असल्यामुळे आयोगाने आकार वाढवला की शुल्कही मागोमाग वाढतं: १,००० रुपयांवर १६० होतं, ते १,२०० वर १९२ झालं. कायद्यातलं एक अक्षरही न बदलता. म्हणून ‘आकार’ आणि ‘शुल्क’ भाषांतरात एकमेकांच्या जागी टाकू नका. कुठे जाऊन विचारायचं ते त्या एका शब्दावरून कळतं. बेस्टच्या वीजग्राहकांकडून काही वर्षं बससेवेच्या तुटीची वसुली होत होती. ती वेगळ्या आकाराखाली होती, म्हणूनच लोकांना तिच्यावर बोट ठेवता आलं.

‘बिल’ या शब्दाचंही जपून. तुमच्या मजकुरात ‘बिलामुळे बिल वाढेल’ असं वाक्य आलंय. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, मराठीत दोन आहेत आणि किती जवळचे! ‘धा’ म्हणजे ठेवणे, नेमणे, त्यावरून विधेय आणि विधेयक. ‘दा’ म्हणजे देणे, त्यावरून देय आणि देयक. विधेयकामुळे देयक वाढेल. वाक्य तिथल्या तिथे स्वच्छ होतं.

राहिलं ‘स्टेटमेंट’. ‘विवरण’ चूक नाही, पण विधेयकाच्या शेवटी जोडायच्या कागदांची नावं आपल्याकडे ठरलेली आहेत. ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ असतं आणि ‘वित्तीय ज्ञापन’ असतं. ज्ञापन म्हणजे कळवणं, जाणीव करून देणं. मात्र हे वित्तीय ज्ञापन राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च होईल का, याबद्दल बोलतं. शुल्क वाढवणाऱ्या विधेयकाने तिजोरीत पैसा येतो, जात नाही. मग प्रभादेवीच्या घरातून महिन्याला किती जाईल हे त्या कागदावर यायचं काही कारणच उरत नाही. मला हे मनापासून खटकतं. दरवाढीला हरकत घेता येते, कारण आकडा समोर असतो. कायद्याच्या बाबतीत तो आकडा आपणच बसून काढायचा.

तेव्हा माझा शब्द: ‘वीज-पाणी खर्चाचे ज्ञापन’. वित्तीय ज्ञापनाशेजारी ते शोभेल, आणि एक तिजोरीचं, दुसरं घराचं, हे वाचताक्षणी कळेल.

आणखी एक. तुमच्या तिसऱ्या परिच्छेदात ‘अधिभार आकारण्यात येईल’ असं आहे. कोण आकारणार ते मूळ इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं असेल, तर मराठीतही कर्ता आणा: ‘राज्य शासन अधिभार आकारील.’