वीकेंडचा स्ट्रेचिंग कोर्स की फिजिओथेरपी?

ताई, नमस्कार.

पत्र मिळालं. लेक साताऱ्यात खो-खो खेळत मोठी झाली, बारावी सायन्स झालीये, नीटला मार्क बेताचेच आलेत आणि पुण्यात एक स्ट्रेचिंग स्टुडिओ बघून आल्यापासून तिचं एकच चाललंय की तीन वीकेंडचा कोर्स करते आणि लगेच कमवायला लागते. आणि तुम्हाला वाटतंय की हे म्हणजे मालिशवाल्याचं काम, नातेवाईक काय म्हणतील.

नातेवाइकांचं सोडा हो. काम चांगलं आहे, आणि मालिश तर नाहीच. क्लायंट टेबलवर उताणा झोपतो, पट्ट्याने एक पाय टेबलला बांधतात, दुसरा सरळ ठेवून हळूहळू वर न्यायचा, मांडीमागे ओढ जाणवली की थांबायचं, मग त्याने पाच-सहा सेकंद टाच तुमच्या खांद्यावर दाबायची, सोडायची, श्वास सोडताना पाय अजून थोडा वर. दोन-चार वेळा केलं की पाय आधीपेक्षा बराच वर जातो. स्नायू काही तेवढ्यात लांब होत नाही, मेंदू ती ओढ सहन करायला तयार होतो, म्हणून तर एकदा करून भागत नाही, लोक दर आठवड्याला येतात (स्टुडिओवाल्यांचा धंदा चालतो तो यावरच!).

ह्या पद्धतीला पीएनएफ (प्रोप्रिओसेप्टिव्ह न्यूरोमस्क्युलर फॅसिलिटेशन) म्हणतात आणि ते काढलं 1940 च्या दशकात अमेरिकेत हर्मन कबाट नावाच्या डॉक्टरने, पुढे मार्गारेट नॉट आणि डोरोथी व्हॉस या थेरपिस्टनी ते वाढवलं. आणि ते होतं पोलिओसारख्या आजारांच्या पेशंटसाठी! म्हणजे लेकीला जे आवडलंय ते मुळात फिजिओथेरपीच आहे, स्टुडिओवाल्यांनी त्यातला एक तुकडा उचललाय. अमेरिकेत तो तुकडा भरपूर चालला, 2015 ला कॅलिफोर्नियात स्ट्रेचलॅब सुरू झालं आणि नंतर त्याच्या फ्रँचायझी निघाल्या, तिथे ट्रेनर, डान्सर अशा लोकांना कंपनीच ट्रेनिंग देऊन घेते. आपल्याकडे मात्र हे काम अजून जास्त करून फिजिओ क्लिनिक, जिम आणि स्पोर्ट्स ॲकॅडमीतच होतं, नुसत्या स्ट्रेचिंगच्या सर्टिफिकेटवर जॉब मिळालाच तर पगार किंवा सेशनमागे टक्के किती ते मालक ठरवणार.

पण माझा खरा मुद्दा पैशाचा नाहीये. समजा एक बाई आल्या, म्हणाल्या पोटरी आखडलीये, जरा ओढून दे. पोटरी एकाच पायाची सुजलेली, गरम लागतेय, आणि मागच्याच आठवड्यात त्यांचं ऑपरेशन झालंय. ती रक्ताची गुठळी असू शकते, तिथे स्ट्रेचिंग करायचंच नाही, तडक डॉक्टरकडे पाठवायचं. किंवा हाडं ठिसूळ झालेली आजी, तिला पुढे वाकवलं तर मणका दबू शकतो. आणि काही मुलींचे सांधे मुळातच जास्त वाकतात, त्यांना वाटत असतं आपण आखडलोय, पण त्यांना लागते ती ताकद, अजून ताण नाही. हे ओळखायला तीन वीकेंड पुरत नाहीत. त्यात कुठल्याही कोर्सच्या नावात ‘थेरपी’ असली म्हणून कोणी थेरपिस्ट होत नाही हे तिला स्पष्ट सांगा.

म्हणून माझं मत बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची डिग्री. नीटच्या स्कोअरवरच राज्याच्या सीईटी सेलमधून (प्रवेश प्रक्रिया चालवणारं सरकारी ऑफिस) ॲडमिशन होते आणि एमबीबीएसपेक्षा कटऑफ पुष्कळ खाली असतो, तेव्हा बेताचे मार्क म्हणून दार बंद झालं असं समजू नका. कोर्स इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांचा, नव्या अभ्यासक्रमात पाच, तिच्या बॅचला कुठला लागू ते ॲडमिशनच्या वेळी बघून घ्या. सरकारी-मनपाच्या जागा थोड्या (मुंबईत केईएम, नायर, सायन, नागपूरला जीएमसी म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज), बाकी प्रायव्हेट, आणि तिथली फी झेपते का हे आधी घरात मोकळेपणाने बोला, हॉस्टेल-मेस धरून. कर्ज डोईजड होणार असेल तर बीएस्सी करता करता फिटनेस ट्रेनरचं मान्यताप्राप्त सर्टिफिकेट घेता येईल, मग स्ट्रेचिंग त्यावर. तोही रस्ता वाईट नाही, फक्त दुखणं घेऊन आलेल्या माणसाला हात लावायचा नाही एवढी मर्यादा पाळायची.

अनोळखी माणसांना हात लावण्याची तुमची काळजी मला रास्त वाटते. चांगल्या ठिकाणी आधी विचारूनच हात लावतात, क्लायंट पूर्ण कपड्यात असतो, दार उघडं किंवा काचेचं असतं, आणि मुलीला नको वाटलं तर सेशन थांबवायची मुभा असते. नोकरी घेताना हे तिने तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही. अजून एक, दिवसभर उभं राहून ऐंशी-नव्वद किलोच्या माणसांचे पाय उचलायचे म्हणजे स्वतःची कंबर आणि अंगठे जातात, खो-खोचा फिटनेस तिला तिथे कामाला येईल.

आत्ता एवढंच करा, साताऱ्यातल्या एखाद्या फिजिओ क्लिनिकमध्ये विचारून तिला चार-आठ दिवस बसू द्या, लकव्याचा पेशंट, गुडघा बदललेले आजोबा, सगळं बघू दे. आणि सीईटी सेलच्या साइटवर नोटीस रोज बघत जा, ॲडमिशनच्या राऊंडची तारीख चुकली तर वर्ष जाऊ शकतं.