ड्युटी नसतानाचा अपघात आणि तुझं लायसन्स

प्रिय बाळा,

परवा तू फोनवर विचारलंस, ‘काका, सुट्टीच्या दिवशी मी माझ्या बाईकवर असताना काही झालं, तर त्याच्याशी कंपनीचा काय संबंध?’ गाडीतल्या गोंगाटात नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहून पाठवतोय.

तू पोटासाठी बस चालवतोस, म्हणून आधी खिशातलं लायसन्स काढ आणि बघ. बाईक आहे, कार आहे, ट्रान्सपोर्ट म्हणजे धंद्याची वाहनं आहेत. ट्रान्सपोर्टची मुदत वेगळी छापलेली आहे, ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यायची असते. पण कार्ड एकच आणि नंबरही एकच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ खाली आरटीओ तुला सगळ्या प्रकारच्या वाहनांसाठी अपात्र ठरवू शकतो, किंवा एखाद्याच प्रकारासाठी. म्हणजे बाईकवरचं लफडं बसच्या स्टिअरिंगपर्यंत पोचवायचं की नाही, हे वडाळ्याच्या नाहीतर ताडदेवच्या साहेबाच्या हातात. साधं हेल्मेटचं घे. २०१९च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र, असं कायद्यात स्पष्ट लिहिलंय. नाक्यावर बहुतेक वेळा ई-चलनावर भागतं, ते सोड. बँकेतल्या माणसाचं लायसन्स तीन महिने गेलं तर तो लोकलने कामावर जाईल. तू कशाने जाणार आणि जाऊन करणार काय?

आता खरोखरच कुणाला धक्का लागला तर. माझं मत असं, की ड्युटी नसताना झालेल्या अपघाताने सहसा नोकरी जात नाही. ती जाते त्यानंतरच्या दोन-तीन तासांत आपण जे करतो त्याने. त्याच मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं की जखमीला उपचार मिळतील असं बघ, पोलिसांना कळव आणि इन्शुरन्स कंपनीला कळव. जवळ पोलीस नसेल तर लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळचं पोलीस ठाणं गाठायचं. पब्लिक अंगावर येईल या भीतीने आपली पोरं पळतात. ती भीती खोटी नाही, मुंबईचा जमाव आधी मारतो आणि मग विचारतो. पण कायद्यालाही ते माहीत आहे. जमावामुळे थांबणं शक्य नसेल तर जखमीला उचलून न्यायच्या जबाबदारीतून सूट आहे. ठाण्यात जायच्या जबाबदारीतून नाही. तेव्हा पळायचंच असेल तर ठाण्याकडे पळ. तिथे ठाणे अंमलदाराला सांग, डायरीत नोंद करायला लाव आणि नोंदीचा नंबर लिहून घे.

जानेवारी २०२४मध्ये ड्रायव्हरांनी संप केला होता, पेट्रोल पंपांवर ही रांग, आठवतंय ना? तो भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम १०६(२)विरुद्ध होता. अपघातात माणूस गेला आणि न कळवता पळालास तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ला बाकी संहिता लागू झाली तेव्हा सरकारने तेवढं पोटकलम बाजूला ठेवलं. पोरं त्याचा अर्थ ‘पळालं तरी चालतं’ असा काढतात. हयगयीने मृत्यू घडवल्याचं १०६(१) आहेच की, पाच वर्षांपर्यंत. कलम १३४ही आहे.

प्यायला असशील तर मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागलं. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. नुसत्या हयगयीचा गुन्हा जामीनपात्र असतो, बहुधा ठाण्यातच जामीन होतो. दारू पिऊन कुणाला मारलंस तर सदोष मनुष्यवधाचं कलम लागू शकतं आणि मग कोठडी. राज्य सरकारच्या ड्रायव्हरला तर १९७९चे शिस्त व अपील नियम लागू आहेत. ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिला की तो निलंबित झाला असंच धरतात, त्या वेळी गाडी सरकारची होती की मेव्हण्याची, हे कुणी विचारत नाही. आणि हो, रात्री दोन वाजेपर्यंत बसलास तर सकाळी सहाच्या पाळीलाही ती रक्तात असते. लिंबूपाण्याने उतरत नाही.

आता नीट वाच, कारण सगळ्यात जास्त पोरं इथे फसतात. किरकोळ अपघात, न्याय संहितेचं बेदरकार ड्रायव्हिंगचं कलम २८१, समोरच्याला चार टाके. वर्षभराने कोर्टाची तारीख येते. कुर्ला कोर्टाच्या व्हरांड्यात वकील कानाशी लागतो, ‘गुन्हा कबूल कर, हजार रुपये भर आणि मोकळा हो, रोजचा खाडा कशाला?’ पोराला वाटतं, सुटलो. हजार रुपयांत त्याने विकत घेतलेली असते दोषसिद्धी. बॅजसाठी, म्हणजे धंद्याच्या ड्रायव्हरच्या बिल्ल्यासाठी, पोलीस पडताळणी होते तेव्हा ती दिसते. दुसरीकडे नोकरीला गेलास तर ‘कधी शिक्षा झाली आहे का’ या रकान्यात खरं लिहावं लागतं. जखमीने नुकसानभरपाईसाठी मोटार अपघात ट्रिब्युनलमध्ये दावा टाकला असेल तर त्याचा वकील तोच कागद पुढे करतो. धोकादायक ड्रायव्हिंगचं, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४चं, कबूल केलं असेल तर आणखी वाईट. पुढे कधी तशाच ड्रायव्हिंगने कुणी दगावला किंवा जबर जखमी झाला अशी केस नोंदली गेली, की त्या प्रकारच्या वाहनाचं लायसन्स केस नोंदल्या दिवसापासून सहा महिने आपोआप निलंबित. निकालाची वाट बघायची नाही. चूक तुझी असेल तर कबूल करणं सरळपणाचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण खाडे वाचवायला कबूल करू नकोस. आधी युनियनच्या वकिलाला पंचनामा दाखव.

कंपनीला सांगायचं का? सांगायचं, आणि दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी. लेखी, चार ओळीत, तारीख-वेळ-ठाणं-नोंद नंबर. ‘माझी चूक नव्हती’ वगैरे त्यात लिहू नकोस, तो कागद कुठे फिरेल सांगता येत नाही. बेस्ट किंवा एसटीत कायम असशील तर खातेनिहाय चौकशी होते, म्हणणं मांडायला मिळतं. तू कंत्राटदाराकडे आहेस. तिथे सुपरवायझर ‘उद्यापासून येऊ नको’ एवढंच म्हणतो. त्याच्यासमोर पोचपावती असलेला अर्ज बरा. शेठची गाडी चालवणाऱ्यांचं वेगळं. शेठ परदेशी गेलाय म्हणून त्याच्या गाडीतून पोरांना वरळी सीफेसला फिरवलं आणि तिथे ठोकली, तर अपघात बाजूला राहतो आणि गाडी न विचारता काढली हाच गुन्हा होतो. त्यात बाजू घ्यायला मलाही जमलेलं नाही.

तुला स्वतःला लागलं तर? पगार २१,००० किंवा त्याखाली असेल तर तू ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार विमा योजनेत, असायला हवास. तिथे आजारपणाच्या रजेत पगाराचे ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतात, अपघात सुट्टीतला असला तरी. घरून कामावर येता-जाता झालेला अपघातही कामाशी जोडला जाऊ शकतो, हे सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५मध्ये साखर कारखान्याच्या एका वॉचमनच्या प्रकरणात मान्य केलंय. म्हणून ड्युटी चार्टची प्रत जपून ठेव, किती वाजता रिपोर्ट करायचं होतं ते त्यावरून सिद्ध होतं.

आमच्याकडे एका ड्रायव्हरच्या पायात रविवारी झालेल्या बाईक अपघाताने रॉड पडला. क्लच दाबता येईना. डॉक्टरने ‘ड्रायव्हर म्हणून अनफिट’ लिहिलं आणि ऑफिसमधल्या लोकांनी त्याच्यापुढे राजीनाम्याचा टाइप केलेला कागद ठेवला. तो सही करणार होता. दिव्यांग हक्क कायदा २०१६चं कलम २० सांगतं, की सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही. त्याच पगारात दुसरं काम द्यायचं. अपघात ड्युटीवरच व्हायला हवा, असं त्यात म्हटलेलं नाही. तो आज त्याच पगारावर स्टोअरमध्ये बसतो आणि स्पेअर पार्टवरून सगळ्यांशी भांडतो. तुझ्या कंत्राटदाराला ते कलम असं लागू नाही, म्हणून कायम भरतीची जाहिरात आली की फॉर्म भरत जा.

तूर्त एवढं कर. बाईकच्या इन्शुरन्सचा कागद काढ. थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा विमा, चालू आहे का बघ आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा त्यात घेतलाय की एजंटने थोडे पैसे वाचवायला उडवलाय, तेही बघ. दोन्ही पानांचे फोटो रविवारपर्यंत मला पाठव. तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस, ती उगाच बाईक विकायला लावेल.

तुझा,
काका