वडिलांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट रखडलं आहे, आई खचत चालली आहे. हा काळ कसा काढावा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील जाऊन दीड वर्ष झालं, अंधेरीचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्यासाठी, हायकोर्टात अर्ज टाकून चौदा महिने झाले, वकील दर वेळी "प्रोसेस चालू आहे" एवढंच सांगतात आणि आई म्हणते, "कोर्टाचं झाल्याशिवाय यांच्या कपाटाला हात लावायचा नाही." आईचं हे वाक्य वाचलं म्हणून उत्तर लिहायला बसले. माझी आई शब्दशः हेच म्हणत होती.

बाबा ऑगस्ट २०१८ मध्ये गेले. विलेपार्ल्याचा छोटा फ्लॅट, बँकेतल्या ठेवी, थोडे शेअर्स, आणि स्वतःच्या हाताने लिहिलेलं चार पानी मृत्युपत्र. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारी व्यक्ती, म्हणून माझं नाव. अर्ज मार्च २०१९ मध्ये दाखल झाला, प्रोबेट हातात पडलं फेब्रुवारी २०२१ मध्ये. मधे लॉकडाऊन आला हे खरं, पण आज हिशेब मांडते तेव्हा दिसतं की निदान आठ महिने आमच्याकडूनच गेले. आमचा कागद न्यायाधीशांच्या टेबलावर पडून आहे अशी आमची समजूत होती. तो तिथवर पोचलाच नव्हता.

तेव्हा आधी हे करा. "प्रोसेस चालू आहे" यावर थांबू नका. वकिलांकडून अर्जाचा लॉजिंग नंबर, म्हणजे अर्ज दाखल करताना मिळालेला क्रमांक, मागून घ्या आणि हायकोर्टाच्या वेबसाइटवर स्वतः बघा. मग एकच प्रश्न विचारा: टेस्टामेंटरी खात्याने, म्हणजे हायकोर्टातल्या मृत्युपत्रांच्या विभागाने, काही ऑब्जेक्शन्स काढली आहेत का, आणि काढली असतील तर यादी दाखवा. अर्ज आला की हे खातं कागद न् कागद तपासतं. वारसांची नावं पूर्ण आहेत का, मृत्यूच्या दाखल्यातलं नाव आणि मृत्युपत्रातलं नाव जुळतं का, साक्षीदाराचं शपथपत्र जोडलं आहे का. ही ऑब्जेक्शन्स दूर होईपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही, आणि फार दिवस तशीच राहिली तर अर्ज फेटाळलाही जाऊ शकतो. आमची यादी चार महिने वकिलांच्या ऑफिसात पडून होती. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. दुःखात माणूस विचारत नाही. समोरचा बघत असेल असं धरून चालतो.

त्या यादीतलं मुख्य ऑब्जेक्शन तिसऱ्या पानावरच्या एका खाडाखोडीवर होतं. बाबांनी एक ओळ खोडून वर दुसरी लिहिली होती, बाजूला आद्याक्षरं केली होती, पण वरची ओळ निळ्या शाईत आणि बाकीचं पान काळ्या. मृत्युपत्रावर सह्या झाल्यानंतर केलेली दुरुस्ती त्याच रीतीने, म्हणजे पुन्हा सही आणि साक्षीदारांसह, झालेली नसेल तर कायदा ती मानत नाही. म्हणजे ही दुरुस्ती सह्यांच्या आधीची आहे हे साक्षीदाराने शपथेवर सांगायला हवं होतं. दोन साक्षीदारांपैकी एक काका वारले होते. दुसरे बाबांचे ऑफिसातले मित्र, वय ७९, निवृत्त होऊन चिपळूणला राहायला गेलेले.

मी पहाटेची गाडी पकडून गेले. त्यांनी चष्मा पुसला, झेरॉक्स खिडकीशी नेऊन धरली आणि म्हणाले, "अगं, त्याच्या पेनातली शाई संपली होती. मी माझं पेन दिलं. इथे बसूनच खोडलं त्याने, मग आम्ही सह्या केल्या." एवढंच वाक्य शपथपत्रात गेलं आणि ऑब्जेक्शन सुटलं. परतीच्या वाटेवर गाडीत मी बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर रडले. ती चार महिन्यांची उलघाल एका रिकाम्या पेनापायी होती.

तुमच्या मृत्युपत्राचे साक्षीदार कोण आहेत, कुठे आहेत, त्यांची तब्येत कशी आहे हे आजच बघा. अर्जासोबत निदान एका साक्षीदाराचं शपथपत्र लागतं. दिलेलं नसेल तर पुढच्या आठवड्यावर टाकू नका. दोघेही हयात नसतील तर त्यांची आणि वडिलांची सही ओळखणाऱ्या माणसाच्या शपथेवर काम होतं, पण ते जास्त किचकट असतं.

दुसरे चार महिने माझ्या भावामुळे गेले. तो न्यू जर्सीत असतो. मृत्युपत्राला सगळ्या वारसांची संमती असली की अर्ज बिनविरोध पुढे जातो. ज्याची संमती नाही त्याला कोर्टाकडून सायटेशन, म्हणजे नोटीस, जातं. त्याने पहिल्यांदा संमतीचं शपथपत्र तिथल्या नोटरीपुढे करून पाठवलं. ते परत आलं, कारण परदेशात केलेला कागद तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित किंवा अपॉस्टिल (तिथल्या सरकारचा खरेपणाचा शिक्का) केलेला लागतो. दुसऱ्यांदा कर म्हटलं तर तो गप्प झाला. फोन उचलेना. मला वाटलं त्याच्या मनात काहीतरी आहे. एक दिवस आईने त्याला सरळ विचारलं, तेव्हा म्हणाला, "बाबांनी घर आईला दिलं ते बरोबरच आहे. पण मला सही करायला सांगतात, जणू मी अडवणार होतो."

हे मी मुद्दाम सांगते आहे. कोर्टाची भाषा घरातल्या माणसांना परकं करते. 'हरकत नाही' असं स्टँप पेपरवर लिहून मागितलं की ज्याची हरकत कधीच नव्हती त्यालाही ते लागतं. तेव्हा भावाबहिणींना कागद पाठवण्याआधी फोन करा आणि हे का लागतं ते सांगा. आणि कुणाचा खरोखर आक्षेप असेल तर तो कॅव्हेट, म्हणजे कोर्टातली लेखी हरकत, दाखल होण्याआधी घरात ऐकून घ्या. कॅव्हेट आणि त्याच्या पुष्टीचं शपथपत्र आलं की साध्या अर्जाचा दावा होतो, साक्षीपुरावे सुरू होतात आणि मग गोष्ट महिन्यांची राहत नाही, वर्षांची होते.

तुम्ही विचारलंय, नवीन कायद्यामुळे आता हे सगळं लागतंच का? डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं कलम २१३ काढून टाकलं. मुंबईत केलेलं मृत्युपत्र किंवा मुंबईतली स्थावर मिळकत असेल तर प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क सांगता येत नव्हता, तो याच कलमामुळे. पुण्या-नाशिकच्या मिळकतीबद्दल तिथेच केलेल्या मृत्युपत्राला हे बंधन तेव्हाही नव्हतं. आता सक्ती गेली, पण प्रोबेट मागण्याची सोय आहे तशीच आहे. तुमचा अर्ज दाखल आहे, कोर्ट फी भरलेली आहे (आमच्या वेळी तिची कमाल मर्यादा ७५ हजार होती आणि पार्ल्याच्या फ्लॅटच्या किमतीमुळे आम्हाला ती पूर्ण भरावी लागली). सगळे वारस राजी असतील आणि थोडंच उरलं असेल तर मी असते तर अर्ज मागे घेतला नसता. प्रोबेट मिळकतीच्या मालकीचा वाद सोडवत नाही, पण हे मृत्युपत्र खरं आणि शेवटचं आहे हे ते सगळ्यांपुरतं ठरवून टाकतं. उद्या फ्लॅट विकायचा झाला तर घेणाऱ्याचा वकील तेच बघेल. तुमच्या प्रकरणात काय सोयीचं हे मात्र वकिलांशी समोर बसून ठरवा. आईचं वय आणि आजारपण सांगून लवकर तारखेसाठी प्रेसिपी, म्हणजे कोर्टाला लेखी विनंती, देता येईल का, तेही त्याच बैठकीत विचारा.

आता रोजचं. प्रोबेट अडलं म्हणजे सगळंच अडलं असं आम्ही धरून बसलो होतो. आईने वर्षभर बँकेत पाऊल टाकलं नाही. प्रत्यक्षात ज्या ठेवींवर तिचं नॉमिनेशन होतं ते पैसे तिला तेव्हाच मिळाले असते. नॉमिनी असेल तर बँका प्रोबेट मागत नाहीत, आणि कागद पूर्ण दिल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. फॅमिली पेन्शनलाही प्रोबेट लागत नाही. सोसायटीत आई नॉमिनी असेल तर तिला तात्पुरती सभासद करून घेता येतं, म्हणजे मेंटेनन्सची पावती आणि मीटिंगची नोटीस तिच्या नावाने येते. ऐकायला लहान गोष्ट आहे, पण माझ्या आईला त्या पावतीने धीर दिला. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे भावंडांना आणि आईलाही आधीच स्पष्ट सांगा. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत तेच म्हटलं आहे. वडिलांचं शेवटच्या वर्षाचं इन्कम टॅक्स रिटर्न कायदेशीर वारस म्हणून भरायचं असतं, ते राहिलं असेल तर बघून घ्या.

एका गोष्टीची मला कुणी कल्पना दिली नव्हती. मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा करावं लागतं आणि ते तिथेच राहतं. फोर्टातल्या त्या काउंटरवर बाबांच्या अक्षरातली चार पानं मी दिली आणि माझा हात सुटेना. क्लार्क बाई थांबल्या, काही बोलल्या नाहीत. तुमचं अजून जमा व्हायचं असेल तर आधी घरी सगळे बसून ते एकदा वाचा, चांगली रंगीत प्रत काढून ठेवा.

आणि कपाट. आमच्याकडे ते २०१९ च्या दिवाळीआधी उघडलं, तेही भाऊ सुट्टीवर आला म्हणून. आई आधी दारातच उभी राहिली. मग तिने स्वतः वरच्या कप्प्यातला स्वेटर काढून भावाच्या हातात दिला. खालच्या कप्प्यात, जुन्या पंचांगांखाली, एका पिवळ्या पाकिटात कागदी शेअर्सची सर्टिफिकेटं निघाली. आम्हाला कुणालाच ती माहीत नव्हती आणि अर्जाच्या मिळकतीच्या यादीत ती नव्हतीच. दुरुस्ती करून घ्यावी लागली. तेव्हा प्रोबेट हातात आलेलं नव्हतं म्हणून ते तितकं जड गेलं नाही. आईला हे सांगा. कपाट उघडणं कोर्टाच्या कामातच मोडतं. पहिला कप्पा तिलाच उघडू द्या.