नागपुरात राहून, क्लायंटची कामं करत स्वतःचा गेम स्टुडिओ उभा करता येईल का?

तुम्ही विचारलंय की तिघं मित्र आहात, युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर चांगलं येतं, गुंतवणूकदार नको आहे. बाहेरची कामं घेऊन त्या पैशांतून स्वतःचा गेम करायचा, तर ते नागपुरात जमेल का, की पुण्या-बंगळूरला जावं लागेल. जावं लागत नाही. २०१८ पासून मी हेच करतोय, प्रतापनगरात घराच्या वरच्या मजल्यावर. दोघांनी सुरू केलं, आज पाच जण आहोत. पण आमचा पहिला गेम बाहेर यायला चार वर्षं लागली आणि त्यातली जवळजवळ दोन वर्षं वाया गेली. ती कशी गेली तेच मला नीट सांगायचं आहे.

घरचे सगळे विचारत होते, कामं मिळतील का? कामं मिळाली. पहिलं वर्धा रोडवरच्या एका बिल्डरचं: इमारत व्हायच्या आधीच गिऱ्हाइकाला फ्लॅटमध्ये फिरवून दाखवायचं. मग एका कोचिंग क्लासचा प्रश्नमंजुषेचा गेम. मग ओळखीतून परदेशातली कामं सुरू झाली. दीड वर्षात अशी वेळ आली की काम येऊनच राहिलं होतं, रविवारही उरत नव्हता. एका रात्री मी आमच्या स्वतःच्या गेमचा फोल्डर उघडला. शेवटचा बदल सात महिन्यांपूर्वीचा होता. खात्यात पैसे होते, गेम तिथल्या तिथेच होता. मला त्या रात्री झोप आली नाही.

म्हणून सांगतो, पैशाच्या आधी दिवस मोजा. आम्ही दोघांच्या घरांचा मिळून महिन्याचा खर्च काढला, तो तेव्हा ६५ हजार होता. ठरवलं की महिन्यातले बाराच दिवस क्लायंटला विकायचे. भागलं तर दोघांचा मिळून दिवसाचा दर साडेपाच हजारांच्या आत येतो. पण फुकटात कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या, उशिरा येणारं पेमेंट आणि कोरडे महिने धरून आम्ही आठ हजार सांगायला लागलो. दोन जुने क्लायंट गेले, बाकीचे राहिले. आणि आमच्या गेमसाठी सोमवार-मंगळवार ठेवले. शनिवार-रविवार ठेवू नका. आठवड्याच्या शेवटी नेहमी कुणाचा तरी बग निघतो, कुणाला तरी सोमवारी सकाळी डेमो दाखवायचा असतो, आणि तुमचा गेम मागे पडतो. सोमवारी डोकं ताजं असतं, ते आधी आपल्या गेमला द्या.

काम निवडतानाही बघा की त्यातून शिकायला काय मिळतं. आम्ही बरीच वर्षं खेळता येणाऱ्या जाहिराती केल्या. दुसऱ्या गेममध्ये मध्येच येणारी, अर्धा मिनिट खेळून बघता येते अशी जाहिरात. बहुतेक जाहिरात कंपन्यांना ती एकाच एचटीएमएल फाइलमध्ये लागते, चित्रं-आवाज सगळं धरून ५ एमबीच्या आत. एकेक चित्र लहान करत बसावं लागतं. आवाजाचा एक तुकडा काढला की शंभर-दोनशे केबी वाचतात. पण खरी विद्या वेगळीच मिळाली: खेळणाऱ्याला एकही ओळ न वाचता, पहिल्या चार-पाच सेकंदांत कळलं पाहिजे की बोट कुठे लावायचं. आमच्या गेमची सुरुवात आम्ही त्यामुळे तीनदा बदलली आणि ती सुधारली. याउलट लुडो-रमीच्या ॲपचे नवनवे रंगरूप करून देण्याच्या कामात पैसा होता, हाताला काही लागत नव्हतं. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा झाला आणि असं काम देणारा आमचा एक क्लायंट एका आठवड्यात बंद पडला. निम्म्याहून जास्त कमाई एकाच क्लायंटकडून येत असेल तर लगेच दुसरा शोधायला लागा.

आता करार. आमची सगळ्यात महागात पडलेली चूक इथलीच. बाहेरगावच्या एका एजन्सीच्या करारात एक ओळ होती: कामादरम्यान लिहिलेला सगळा कोड त्यांचा. आम्ही सही केली. आमची स्वतःची संवाद दाखवायची यंत्रणा, सेव्ह करायची पद्धत, सगळं त्या प्रोजेक्टमध्ये वापरलेलं होतं. वर शेवटचं पेमेंट पाच महिने अडकवलं. तो कोड आमच्या गेममध्ये वापरायची हिंमत झाली नाही, तीन आठवडे बसून सगळं नव्याने लिहिलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक करारात असतं की आधीपासूनचा आणि कुठेही वापरता येईल असा कोड आमचाच. क्लायंटला तो त्याच्या प्रोजेक्टमध्ये कायम वापरायची मुभा. आणि बाकी कोडची मालकी पूर्ण पेमेंट झाल्यावरच त्याच्याकडे जाईल. वकिलाकडून एकदा मसुदा करून घ्या, तो वर्षानुवर्षं चालतो. ४० टक्के ॲडव्हान्स आल्याशिवाय फाइल उघडू नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच महिन्यात करा, ती फुकट आहे. लेखी करार असला तरी लहान उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांच्या आत द्यावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. इन्व्हॉइसवर उद्यम क्रमांक छापायला लागल्यापासून देशातली पेमेंटं आम्हाला बऱ्यापैकी वेळेवर येतात. परदेशी क्लायंट असेल आणि जीएसटी नोंदणी घेतली असेल, तर दर आर्थिक वर्षाला एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरा, म्हणजे कर न भरता बिल काढता येतं. सीताबर्डीत, धंतोलीत चांगले सीए आहेत. सेवांच्या निर्यातीची कामं केलेलाच बघा.

गेम बाजारात आणायचा खर्च त्यामानाने थोडा आहे. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात दर गेममागे १०० डॉलर, गेमने १००० डॉलर कमावले की ते परत मिळतात. गूगल प्लेचे एकदाच २५ डॉलर, पण नव्या वैयक्तिक खात्याला आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस टेस्ट करून घ्यावं लागतं. युनिटीसारखंच गेम बनवायचं गोडो इंजिन, त्याला तर पैसेच नाहीत. खरा खर्च तुमच्या महिन्यांचा आहे.

आणि त्यात नागपूर तुमच्या बाजूचं आहे. घर स्वतःचं असेल तर भाडं नाही, जेवण घरचं, तेवढ्याच पैशांत पुण्यापेक्षा कितीतरी जास्त महिने निघतात. अडचणी दोन. चांगली मुलं शिकली की पुण्याला जातात. आम्ही शेवटच्या वर्षाच्या मुलांना सहा महिने पगार देऊन शिकवतो, काही टिकतात. दुसरी म्हणजे मे महिना. पारा ४५ च्या वर, वरचा मजला, कूलर दिवसभर चालू तरी ग्राफिक्स कार्ड तापून मशीन रखडतं. आम्ही मेमध्ये रात्री दहाला बसतो आणि पहाटे चारला उठतो, आणि डिलिव्हरीची तारीख त्या महिन्यात कधीच देत नाही.

दुसऱ्यांसाठी काम केलं म्हणून आपण कमी ठरतो, असं मनात आणू नका. बेल्जियमच्या लारियन या गेम स्टुडिओने २००४ मध्ये तिथल्या सरकारी वाहिनीसाठी लहान मुलांचा गेम करून दिला होता. त्याच लारियनचा बाल्डर्स गेट ३ हा जगभर गाजलेला गेम २०२३ मध्ये आला.

तुमच्या तिघांबद्दल एकच सांगणं. तिघांनी एकाच दिवशी राजीनामा देऊ नका. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल तर आधी एकाने सुटावं, दोन वेगवेगळ्या क्लायंटचे ॲडव्हान्स खात्यात आले की दुसऱ्याने. ज्याच्या घरी कर्जाचा हप्ता चालू आहे त्याने सगळ्यात शेवटी. तोवर त्याने आठवड्याला एक संध्याकाळ फक्त तुमचा गेम खेळून बघावा आणि कुठे कंटाळा आला ते लिहून द्यावं. आमच्याकडे हे काम माझ्या मित्राने नोकरी सांभाळून वर्षभर केलं आणि त्याच्या त्या वहीतून आम्ही दोन पूर्ण लेव्हल काढून टाकल्या.